दुधातली साखर काढताना

समजा, मनगटावर बांधायचं एक छोटं यंत्र तुम्ही बनवलं आहे. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख घ्यायचा आणि ठोका चुकला की सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यातलं न्यूरल नेटवर्क दोनशे रुग्णांच्या आलेखांवर शिकलं. त्यांतल्या एका बाईंचा ईमेल येतो: मी संमती मागे घेते आहे, माझी माहिती काढून टाका. तुम्ही त्यांची फाईल शोधता, डिलीट करता, बॅकअपमधूनही काढता आणि ‘आपली माहिती हटवली आहे’ असं कळवून मोकळे होता.

फाईल गेली, हे खरं. मॉडेल त्या फाईलवरून जे शिकलं ते मात्र जागच्या जागी आहे. साखरेचा डबा रिकामा केला म्हणून दुधात विरघळलेली साखर बाहेर येत नाही.

यावर ‘त्यात काय एवढं, मॉडेलमध्ये नुसते आकडे तर असतात’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१७ साली रेझा शोकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अमुक नमुना मॉडेलच्या शिकवणीत होता की नव्हता, हे मॉडेलची नुसती उत्तरं पाहूनही बऱ्याचदा ओळखता येतं. पाठ केलेला प्रश्न आला की मूल जसं धडाधड उत्तर देतं, तसं मॉडेल ओळखीच्या नमुन्यावर जास्त ठाम बोलतं. आता वरचं मॉडेल हृदयरोग्यांवरच शिकलेलं आहे. ‘या बाई त्या दोनशेंत होत्या’ एवढं कळलं की त्यांचा आजार कळला. नाव लिहिलेलं असायची गरजच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या कलम ६ ने संमती मागे घेता येते आणि कलम १२ ने माहिती पुसून मागता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. मॉडेलच्या पोटात मुरलेल्या माहितीचा वेगळा उल्लेख कायद्यात नाही, पण म्हणून निश्चिंत राहू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये एव्हरअल्बम या फोटो साठवणाऱ्या कंपनीला लोकांच्या फोटोंबरोबर त्यांवर शिकवलेली चेहरे ओळखणारी मॉडेल्सही नष्ट करायला लावली. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये अभिप्राय दिला की वैयक्तिक माहितीवर शिकलेलं मॉडेल सरसकट ‘निनावी’ मानता येणार नाही. वारा कुठून वाहतो आहे ते दिसतंच. दुसऱ्या एखाद्या कायद्याने माहिती जपून ठेवणं बंधनकारक असेल तर गोष्ट वेगळी. तेवढं वकिलाला विचारा.

या लेखात मी मेंदूच्या धर्तीवर बांधलेल्या, म्हणजे स्पाइकिंग नेटवर्कांबद्दल बोलणार आहे, कारण त्यांच्याबाबत गाफीलपणा जास्त दिसतो. नेहमीच्या नेटवर्कात पेशीपेशींत दशांश आकडे फिरतात. स्पाइकिंग नेटवर्कातली पेशी रांजणासारखी असते: थेंब थेंब साठा वाढतो, तळाच्या बारीक छिद्रातून थोडा गळतही असतो, काठाशी, म्हणजे उंबरठ्याशी, आला की पेशी एक ठिणगी, म्हणजे स्पाइक, सोडते आणि रिकामी होते. या पेशीचं मूळ गणित फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांच्या १९०७ सालच्या कामात सापडतं. पेशी बहुतेक वेळ गप्प असल्याने वीज फार कमी लागते. आयबीएमची २०१४ मधली ट्रूनॉर्थ ही चिप दहा लाख पेशी साधारण ७० मिलिवॉटवर चालवत असे. वीज कमी लागते म्हणून ही नेटवर्कं मनगटावर, कानात, दारावरच्या कॅमेऱ्यात बसवायला सोयीची. थोडक्यात, माणसाच्या अगदी अंगाशी.

गाफीलपणा येतो तो ‘यात फक्त ठिणग्या साठतात, मूळ चित्र नाही’ या समजुतीतून. स्पाइकिंग नेटवर्कांना बऱ्याचदा इव्हेंट कॅमेरा जोडतात. तो पूर्ण चित्र घेत नाही, प्रत्येक बिंदूवरचा उजेड बदलला की तेवढीच नोंद करतो. अशा नोंदींवरून नेहमीसारखं बघता येणारं चित्रीकरण पुन्हा उभं करता येतं, हे झुरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्येच करून दाखवलं. ठिणग्यांच्या आड माणूस लपत नाही.

फाईल शेवटी पुसा

आधी इतिहासातली एक गोष्ट, कारण कामाचा पहिला नियम तिच्यातूनच निघतो. १९८२ साली जॉन हॉपफिल्ड यांनी आठवणी साठवणारं एक साधं नेटवर्क मांडलं. २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला तो याच कामासाठी. त्यात आठवण साठवायची रीत बेरजेची आहे. दोन पेशींमधला एकच दुवा घ्या. पहिल्या आठवणीत दोन्ही पेशी चालू, म्हणून दुव्यात अधिक १. दुसरीत एक चालू, एक बंद, म्हणून उणे १. तिसरीत पुन्हा दोन्ही चालू, अधिक १. दुव्याचा एकूण भार झाला १. आता पहिली आठवण पुसायची आहे? तिचा १ वजा करा. उरला ०, म्हणजे दुसरी आणि तिसरी यांचीच बेरीज. पहिली आठवण कधी शिकवलीच नव्हती, अशी स्थिती. सगळ्या दुव्यांवर हेच करा; साखर दाणा न् दाणा बाहेर.

(पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, हॉपफिल्ड आणि दोन सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की नेटवर्कात आपोआप तयार होणाऱ्या खोट्या आठवणी अशा थोड्या थोड्या वजा केल्या तर खऱ्या आठवणी जास्त नीट आठवतात. त्याच सुमारास फ्रान्सिस क्रिक आणि ग्रीम मिचिसन यांनी स्वप्नांबद्दल तशीच कल्पना मांडली: मेंदू नको त्या जोडण्या झोपेत सैल करत असावा. ते गृहीतक सिद्ध झालेलं नाही. पण रात्री अडखळलेल्या कोडचा गुंता सकाळी सुटतो तेव्हा मला ते हटकून आठवतं.)

आता या वजाबाकीतली मेख बघा. पहिली आठवण वजा करायला ती तुमच्या हातात असायला हवी. ती कुठे अधिक १ होती आणि कुठे उणे १, हे माहीत नसेल तर वजा काय करणार? नवी नेटवर्कं कितीतरी गुंतागुंतीची, पण विसरायला लावण्याच्या बहुतेक पद्धतींना हीच अट लागू आहे. आणि बहुतेक कार्यालयांत होतं नेमकं उलटं. अर्ज आला की डेटाबेस सांभाळणारा माणूस तत्परतेने फाईल उडवतो आणि मॉडेलवाल्यांना दोन आठवड्यांनी कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. अर्ज येताच ती माहिती वापरातून काढा आणि कुलपात ठेवा: नव्या शिकवणीला बंद, माणसांना बंद, फक्त विसरवण्याच्या कामाला खुली. मॉडेल दुरुस्त करा, तपासा, आणि मग मूळ फाईल पुसा. कुलपाची मुदत लेखी ठरवा, नाहीतर ‘विसरण्यासाठी लागते’ या सबबीखाली फाईल वर्षभर पडून राहते. अर्जदाराला ही मुदत पहिल्याच उत्तरात कळवा.

कुलपात ठेवण्याआधी त्या फाईलची पिल्लंही शोधा. आलेख थोडा ताणून, थोडा गोंगाट मिसळून बनवलेल्या प्रती. आलेखाच्या ठिणग्या करून साठवलेल्या फाईल्स. मॉडेल वेगवेगळ्या टप्प्यांवर असताना जपलेल्या आवृत्त्या. मोठ्या मॉडेलवरून शिकवलेलं छोटं मॉडेल. आणि ग्राहकांच्या मनगटावर आधीच पोहोचलेलं. शेवटच्या दोहोंचा विसर सगळ्यांनाच पडतो.

गट पाडून शिकवा

हॉपफिल्डची सरळ वजाबाकी आजच्या नेटवर्कांत का चालत नाही? इथे प्रत्येक दुरुस्ती तिच्या आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांवर अवलंबून असते. बाईंचा आलेख तिसऱ्या दिवशी शिकवला, तर चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या आलेखाने केलेल्या बदलातही त्यांचा अंश आला. त्यांचा म्हणून वेगळा आकडा कुठेच उरत नाही. मॉडेल नव्याने शिकवणं हा एकच निर्विवाद उपाय, आणि तो महाग. स्पाइकिंग नेटवर्कात तर अधिकच. एकच नमुना पंचवीस वेळ-टप्प्यांतून चालवायचा असेल, तर शिकवताना प्रत्येक टप्प्यावरची प्रत्येक पेशीची स्थिती लक्षात ठेवावी लागते.

यावरचा सगळ्यात शहाणा उपाय विसरण्याचा नाहीच, शिकवण्याचा आहे. यिंझी काव आणि जुनफेंग यांग यांनी २०१५ मध्ये मशीनला विसरायला लावण्याचा प्रश्न रीतसर मांडला. पुढे टोरँटोच्या गटाने ‘सिसा’ नावाची पद्धत दिली. दोनशे रुग्णांचे वीस-वीसचे दहा गट करा. प्रत्येक गटावर वेगळं नेटवर्क शिकवा. नवा आलेख आला की दहाही नेटवर्कांना विचारा आणि त्यांच्या ठिणग्यांची बेरीज करून निकाल द्या. स्पाइकिंग नेटवर्कात ही बेरीज अगदी सहज बसते. एक माणूस बाहेर पडला की एकच नेटवर्क नव्याने शिकवायचं. गटाच्या आतही पाच-पाच जणांचे चार काप करा, क्रमाने शिकवा आणि प्रत्येक कापानंतर आवृत्ती जपा. चौथ्या कापातला माणूस गेला तर तिसऱ्यानंतरच्या आवृत्तीपासून सुरुवात. संमती मागे घेण्याची शक्यता जास्त असलेली माणसं ओळखता येत असतील तर त्यांना शेवटच्या कापात बसवा. लग्नाच्या पंगतीत लवकर उठणाऱ्याला दाराजवळ बसवतात, तसं.

यात एक चूक मी वारंवार पाहिली आहे. गट माणसांचे पाडायचे, नोंदींचे नाहीत. एका रुग्णाच्या आलेखातून हजारो ठोके निघतात. ते सगळे एकत्र पिसून दहा ठिकाणी वाटले तर बाई दहाही नेटवर्कांत शिरल्या आणि सगळी मेहनत वाया. ठोक्यांवर काम करणाऱ्यांना हा खड्डा ओळखीचा असायला हवा. एमआयटी-बीआयएच या प्रसिद्ध संग्रहात ४७ माणसांच्या ४८ नोंदी आहेत, आणि एकाच माणसाचे ठोके शिकवणीतही व परीक्षेतही टाकून अचूकता फुगवल्याची उदाहरणं थोडी नाहीत. दुसरी चूक जरा आडून येते. आलेखांची उंची सारखी करायला सगळ्या दोनशेंची सरासरी काढतात आणि गट नंतर पाडतात. ती सरासरी सगळ्यांच्या माहितीची आहे. ती गटागटात काढा.

किंमत मोजावी लागतेच. वीस माणसांवर शिकलेलं नेटवर्क दोनशेंवर शिकलेल्याइतकं हुशार नसतं, दहाजणांचं मत घेऊनही थोडं कमी पडतं. माणसं कमी असतील तर गटही कमी करा. माझं मत विचाराल तर आरोग्याच्या माहितीसाठी तीन-चार गट का होईनात, पाडावेतच.

उलटं शिकवताना पेशी मरू देऊ नका

गट पाडले नव्हते आणि अर्ज तर आला आहे, अशी वेळ असेल तर अदमासाच्या पद्धती उरतात. सगळ्यात प्रचलित म्हणजे उलटं शिकवणं: बाईंच्या आलेखांवर मॉडेलची चूक वाढेल अशा दिशेने भार सरकवायचे, आणि त्याने बाकीच्यांवरचं काम बिघडलं की उरलेल्या १९९ जणांचे आलेख थोडे पुन्हा दाखवून सावरायचं.

नेहमीच्या नेटवर्कासाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी चालवली की नेटवर्क मुकं होतं. कारण समजून घ्या. ठिणगी एक तर पडते किंवा पडत नाही, त्यामुळे तिचा उतार काढता येत नाही. म्हणून शिकवताना आपण उंबरठ्याच्या आसपास एक कृत्रिम गुळगुळीत उतार कल्पतो. उलटं शिकवताना भार फार खाली ढकलले गेले तर पेशीतला साठा उंबरठ्यापासून इतका दूर जातो की तिथे तो उतार जवळजवळ शून्य होतो. पेशी ठिणगी सोडत नाही, आणि उतार नाही म्हणून नंतर सावरतही नाही. ती मेली. वरवर पाहता बाईंच्या आलेखावर मॉडेल चुकतं आहे, म्हणजे ‘विसरलं’; प्रत्यक्षात त्याची जीभच कापली गेली आहे.

म्हणून पावलं लहान ठेवा. दर काही पावलांनी प्रत्येक थरातल्या पेशी सरासरी किती ठिणग्या सोडतात ते मोजा आणि सुरुवातीच्या आकड्याशेजारी मांडा. एखादा थर निम्म्यावर आला तर थांबा, मागची आवृत्ती घ्या, पाऊल आणखी लहान करा. उलटं शिकवणं आणि सावरणं आलटून पालटून करा. एक पूर्ण संपवून दुसरं नको.

आणि फक्त भारांकडे पाहू नका. स्पाइकिंग नेटवर्कात आठवण इतर कोपऱ्यांतही मुरते. २०१५ मध्ये पीटर डील आणि मॅथ्यू कुक यांनी हस्ताक्षरातले अंक शिक्षकाविना ओळखणारं जे नेटवर्क बनवलं, त्यात फार बोलणाऱ्या पेशीचा उंबरठा आपोआप वर चढतो. म्हणजे कोणत्या पेशीने काय काय पाहिलं याची खूण उंबरठ्यातही राहते. गळतीचा वेग शिकवला असेल तर त्यात, दुव्यांतली दिरंगाई शिकवली असेल तर तिच्यात, थरांमध्ये सरासरी साठवणारी सोय असेल तर तिच्यात. नेटवर्कातली शिकवताना बदललेली प्रत्येक गोष्ट छापून काढा आणि विसरवण्याच्या कृतीने त्यांतल्या कशाकशाला हात लावला ते पाहा. ही यादी करायला एक दुपार पुरते.

इंटेलची लोइही चिप २०१७ मध्ये जाहीर झाली, तिच्यासारख्या काही चिप्स चालता चालता स्वतःच शिकतात. त्यांची अडचण वेगळी: माहिती कुठेच साठत नाही, ती थेट भारांत उतरते. कुलपात ठेवायला काही नाही, वजा करायलाही काही नाही. तिथे एकच व्यवस्था मला पटते. कारखान्यातून आलेले मूळ भार गोठवून ठेवा, आणि वापरणाऱ्याकडून शिकलेलं सगळं वेगळ्या, छोट्या शेवटच्या थरात जाऊ द्या. विसरायचं म्हटलं की तो थर शून्यावर. यंत्र दुसऱ्याला देताना हे करणारं बटण मालकाला सापडेल अशा जागी असू द्या.

विसरलं की नाही, कसं ओळखायचं?

इथे घाई करणारे एक चुकीचं लक्ष्य धरतात: बाईंच्या आलेखावर मॉडेल शंभर टक्के चुकलं पाहिजे. नाही. त्यांना कधीच न पाहिलेलं मॉडेल त्यांच्या आलेखावर जसं वागेल, तसं वागलं पाहिजे. अनोळखी माणसाचेही बरेचसे ठोके ते बरोबर ओळखतंच ना? सगळ्यांवर नीट चालणारं मॉडेल एकाच माणसावर हटकून चुकत असेल तर तीच मोठी खूण झाली. नको तिथे खरवडलेली भिंत लांबूनही दिसते.

तुलना म्हणून अगदी अनोळखी, पण त्याच वयाच्या आणि त्याच तऱ्हेच्या रुग्णांचे आलेख बाजूला राखून ठेवा. बाईंचे आणि त्यांचे मिसळा, मॉडेलच्या उत्तरांवरून कोणते ‘विसरलेले’ ते दुसऱ्या सहकाऱ्याला ओळखायला सांगा, प्रोग्रॅम लिहून. दोन्ही समसमान संख्येने मिसळले असतील तर त्याचं यश नाणेफेकीइतकं, साधारण ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं पाहिजे. त्याला फक्त अंतिम उत्तर देऊ नका. शेवटच्या थरातल्या पेशींनी किती ठिणग्या सोडल्या आणि पहिली ठिणगी कितव्या टप्प्यावर पडली, तेही द्या. उत्तर बदललं नाही तरी लवकर पडलेली ठिणगी ओळख सांगून जाऊ शकते.

दुसरी कसोटी पुन्हा शिकवून पाहण्याची, एका बाजूच्या प्रतीवर. बाईंचे आलेख आणि अनोळखी माणसाचे आलेख मॉडेलला सारख्याच पावलांत शिकवा. बाईंचे फार चटकन जमले तर आठवण गेली नव्हती, झाकली होती. तपासणी झाली की ही प्रत नष्ट करा. हे सांगावं लागतं, कारण ती राहून जाते.

सरावासाठी आयबीएमचा २०१७ मधला हातवाऱ्यांचा संग्रह उत्तम. इव्हेंट कॅमेऱ्यासमोर २९ जणांनी ११ प्रकारचे हातवारे केले आहेत. २३ जण शिकवणीला, ६ परीक्षेला. नोंदी माणसागणिक वेगळ्या असल्याने २३ मधला कुणीही एक ‘अर्जदार’ धरता येतो. संग्रह लहान आहे, त्यामुळे त्याला वगळून संपूर्ण नव्याने शिकवणंही परवडतं, आणि तुमची अदमासाची पद्धत त्या खऱ्या उत्तराशेजारी ठेवता येते. सराव न करता खऱ्या अर्जावर हात चालवू नका.

आणखी एक धोका २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवला. जुनं आणि नवं अशी दोन्ही मॉडेल्स एखाद्याच्या हाती लागली, तर त्यांच्यातल्या फरकावरूनच कोण बाहेर पडलं ते हुडकता येतं. बाईंना विसरण्याच्या धडपडीत त्याच उघड्या पडतात. म्हणून एका अर्जासाठी लगेच नवी आवृत्ती काढू नका. ठरावीक मुदतीचे अर्ज एकत्र करा, इतर सुधारणांसोबत आवृत्ती द्या आणि जुनी परत घ्या. अदमासाने किती वेळा विसरवायचं यालाही मर्यादा घाला. दर वेळी थोडी चूक उरते आणि ती साचते. ठरलेली संख्या झाली की एकदा संपूर्ण नव्याने शिकवा.

आता बाईंना काय लिहायचं? ‘हटवली’ एवढंच नको. त्यांच्या नोंदी कुठून काढल्या, मॉडेल नव्याने शिकवलं की अदमासाने विसरायला लावलं, कशी तपासणी केली, मूळ फाईल कोणत्या तारखेला पुसली आणि जुनी आवृत्ती किती यंत्रांवर अजून आहे, हे साध्या मराठीत लिहा. अदमासाची पद्धत वापरली असेल तर तसं स्पष्ट म्हणा. आणि अर्ज यायची वाट न बघता आज एक करा: कोणत्या माणसाची नोंद कोणत्या गटात, कोणत्या आवृत्तीत गेली हे सांगणारी फाईल तुमच्या प्रकल्पात आहे का, ते उघडून पाहा. नसेल तर पुढची शिकवणी थांबवून आधी ती तयार करा.